उजेडाची साक्ष आणि नुकसानीचा धनी

चेहरा हीच किल्ली मानावी की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे सध्या चाललेला वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी लढवला जात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांना बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून मान्यता देण्याची मुभा मिळाली, आधारच्या चेहरा-पडताळणीवरून यूपीआयचा पिन बसवण्याची सोयही आली, आणि तेव्हापासून हा वाद अधिकच तापला. घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांत प्रवेशद्वारावर चेहरा ओळखणारे यंत्र बसवावे की नाही यावर सभा रंगतात. ऐरोली-महाप्याच्या कित्येक कार्यालयांत हजेरी चेहऱ्यावर गेली आहे. आणि नौपाड्यापासून नेरूळपर्यंत ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यांवर, हयातीचा दाखला मोबाइलवरून द्यावा की बँकेत जाऊन, हा दर नोव्हेंबरचा ठरलेला विषय झाला आहे. या सगळ्या ठिकाणी दोन तट पडलेले दिसतात. एका तटाच्या मते डीपफेकने, म्हणजे संगणकाने हुबेहूब घडवलेल्या बनावट चेहऱ्याने, चेहऱ्याची किंमतच संपवली आहे. २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत बनावट चेहऱ्यांना आपले वरिष्ठ समजून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले, हे उदाहरण या तटाच्या तोंडी कायम असते. दुसरा तट, म्हणजे यंत्रे विकणारे आणि ती विकत घेऊन बसलेले असे दोघेही, शांतपणे सांगतो की आता काळजीचे कारण उरले नाही, कारण समोरचा चेहरा खरा आहे की नाही हे फोनची स्क्रीनच त्यावर रंगीत उजेड टाकून ओळखते.

दोन्ही तट एकच प्रश्न विचारतात: हे तंत्र फसते की नाही? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. स्क्रीनच्या उजेडाने चेहरा तपासण्याची पद्धत आजवरच्या सर्वसामान्य फोनवर चालणाऱ्या तपासण्यांमध्ये सर्वांत समंजस आहे, ती वापरात यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती जे सिद्ध करते ते फार थोडे आहे. आणि ती चुकेल तेव्हा होणारे नुकसान ती बसवणाऱ्या संस्थेने सोसायचे की चेहऱ्याच्या मालकाने, हे आधी लेखी ठरल्याशिवाय ती पैशाच्या किंवा हक्काच्या कोणत्याही दारावर बसवू नये. कुलूप किती भक्कम आहे यावर तासन्‌तास बोलायचे आणि चोरी झाल्यावर भरपाई कोणाकडे मागायची याबद्दल मौन पाळायचे, ही आपली जुनी सवय आहे आणि ती महाग पडते.

ही तपासणी चालते कशी, हे तिच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांपैकी फार थोडे जण नीट सांगतात. फोन समोर धरला की स्क्रीन काही क्षण वेगवेगळ्या रंगांनी उजळते. लाल, निळा, हिरवा, पांढरा, पुन्हा निळा, असा तो क्रम दर वेळी नव्याने आणि यदृच्छेने ठरतो. तो उजेड चेहऱ्यावरून परततो आणि फोनचा पुढचा कॅमेरा तो टिपतो. मग दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, ज्या क्रमाने आणि ज्या क्षणी रंग टाकले त्याच क्रमाने आणि त्याच क्षणी ते चेहऱ्यावर उमटले का. कारण आधी चित्रित केलेल्या व्हिडिओला आजचा क्रम ठाऊक असणे शक्य नाही. दुसरी, उजेड चेहऱ्यावर जसा पसरायला हवा तसा पसरला का. फोन चेहऱ्यापासून तीस सेंटिमीटरवर असेल तर कान नाकाच्या शेंड्यापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर मागे राहतात, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उजेड घटतो या साध्या नियमाने कानांपर्यंत नाकाच्या जवळपास निम्माच उजेड पोहोचतो. सपाट फोटोवर असा फरक पडत नाही, तो सगळा जवळजवळ सारखाच रंगतो. दुसऱ्या फोनच्या स्क्रीनवर चालवलेला व्हिडिओ स्वतःच उजेड फेकत असतो, त्यामुळे बाहेरून पडलेला रंग त्यावर फिकट दिसतो आणि काचेची झळाळी वेगळीच उमटते. कातडीत उजेड थोडा आत शिरून पसरतो आणि मग बाहेर येतो. रबराचा किंवा सिलिकॉनचा मुखवटा हे हुबेहूब करत नाही. पूर्वीचा सराफ रुपया नुसता न्याहाळून घेत नसे, दगडावर वाजवून घेई. ही पद्धत त्याच जातीची आहे: ती समोरच्या वस्तूकडे केवळ पाहत नाही, तिला एक प्रश्न घालते आणि उत्तर भौतिकशास्त्राच्या नियमांत बसते का हे तपासते.

हा फरक किती मोठा आहे हे आधीच्या तपासण्यांच्या इतिहासावरून कळते. २०११ मध्ये अँड्रॉइड फोनवर चेहऱ्याने कुलूप उघडण्याची सोय आली आणि मालकाचा फोटो दाखवूनही ते उघडते हे लगेच दिसले. २०१२ मध्ये त्यावर पापण्या मिटण्याची अट घातली गेली. मग एकाच फोटोची उघड्या डोळ्यांची आणि संगणकावर डोळे मिटवलेली अशा दोन प्रती आलटून पालटून दाखवून तोही अडसर ओलांडला गेला. २०१७ मध्ये जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने सॅमसंगच्या एका महागड्या फोनची बुबुळाची तपासणी छापील फोटोवर कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून चकवली. या प्रत्येक वेळी तपासणी चित्राकडे पाहत होती, आणि चित्र बनवणे हे तर लबाडाचे सर्वांत सोपे काम. त्याउलट ॲपलने त्याच वर्षी आणलेली पद्धत चेहऱ्यावर न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे ३० हजारांहून अधिक ठिपके टाकून त्याचा उंचसखलपणा मोजते. ती बळकट आहे, पण तिला वेगळे यंत्र लागते आणि त्या यंत्राचे पैसे लागतात. तुर्भ्याच्या बाजारात हमाली करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये ते यंत्र नसते. स्क्रीन आणि पुढचा कॅमेरा मात्र असतोच. म्हणूनच हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये स्क्रीनच्या परावर्तित उजेडावर आधारलेली पद्धत मांडली, ब्रिटनने ब्रेक्झिटनंतर तिथे राहू इच्छिणाऱ्या युरोपीय नागरिकांच्या अर्जांसाठी असेच रंग चमकवणारे ॲप वापरले, आणि ॲमेझॉनने २०२३ मध्ये आपल्या ग्राहक कंपन्यांसाठी ही सोय उपलब्ध केली. व्हिडिओ कॉलवरच्या डीपफेकलाही हाच प्रश्न घालता येतो, हे कँडिस गर्स्टनर आणि हॅनी फरीद या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले: बैठकीत समोरच्याच्या स्क्रीनचा रंग हळूच बदलायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर तो रंग येतो का ते पाहायचे. हाँगकाँगच्या त्या बैठकीचे उदाहरण देऊन चेहरा मोडीत काढणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की तिथे अशी कोणती तपासणी हरली नव्हती. माणसांनी माणसांच्या चित्रावर विश्वास ठेवला होता.

आता विरोधकांचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत ते मान्य केले पाहिजेत. फोनची स्क्रीन पूर्ण पांढरी आणि चांगली उजळ केली तरी तीस सेंटिमीटरवरच्या चेहऱ्यावर तिचा उजेड पन्नासएक लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास पडतो, रंगीत असेल तर त्याहून कमी. कार्यालयातल्या दिव्यांचा उजेड तीनशे ते पाचशे लक्स असतो आणि भर दुपारच्या थेट उन्हाचा सुमारे एक लाख लक्स. म्हणजे जांभळी नाक्यावर मे महिन्यात दुपारी एक वाजता उभे राहून कोणी ही तपासणी देऊ लागला, तर त्याच्या चेहऱ्यावरचा स्क्रीनचा रंग उन्हात शोधणे ही कॅमेऱ्याची परीक्षाच ठरते. स्वस्त फोनचा कॅमेरा तर रंगाचा तोल स्वतःहून सावरतो, त्याच्या दृष्टीने चेहऱ्यावर आलेली निळी छटा हा दोष असतो आणि तो दुरुस्त करण्यासाठीच तो बनवलेला असतो. ज्या खुणेवर निकाल अवलंबून आहे तीच तो पुसून टाकू शकतो. सावळ्या आणि काळ्या कातडीवरून उजेड कमी परततो, त्यामुळे आपल्या देशातल्या बहुसंख्य लोकांसाठी ही खूण मुळातच फिकट असते. उजेड वेगाने चमकला तर अपस्माराच्या काही रुग्णांना झटका येण्याचा धोका असतो. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जागतिक निकष याच कारणाने सेकंदाला तीनपेक्षा अधिक लखलखाटांना मनाई करतात. हे सगळे आक्षेप खरे आहेत आणि यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात त्यातला एकही ठळक अक्षरांत नसतो.

परंतु यांतले बहुतेक आक्षेप तंत्र टाकून देण्याची नव्हे, ते नीट मोजून वापरण्याची कारणे आहेत. उन्हाचा प्रश्न सावलीत जाऊन सुटतो, फक्त ॲपने 'पडताळणी अयशस्वी' एवढेच न म्हणता 'उजेड जास्त आहे, आत जा' असे मराठीत सांगायला हवे. रंग सावकाश बदलले तर अपस्माराचा धोका बराच टळतो. कातडीच्या रंगाचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. मात्र एका बाबतीत हे तंत्र आधीच्यांपेक्षा अधिक माणुसकीचे आहे आणि त्याकडे विरोधकांचे लक्षच जात नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले आणि केवायसी सर्वांना करता यावी म्हणून वीस निर्देश दिले. हे प्रकरण न्यायालयात गेले ते ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना पापण्या मिटता येत नाहीत, आणि पापणी मिटल्याशिवाय बँक त्यांना जिवंत मानत नाही, या कारणाने. न्यायालयासमोर त्याच वेळी दृष्टिहीन व्यक्तींचेही म्हणणे होते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने आपल्या नियमांत दुरुस्ती केली, तीही अशा तपासणीमुळे विशेष गरजा असलेली कोणतीही व्यक्ती वगळली जाऊ नये, या अर्थाची. पापणी मिटा, मान डावीकडे वळवा, हसा, असले हुकूम पक्षाघात झालेल्या आजोबांना पाळता येत नाहीत. उजेडाची तपासणी चेहऱ्याकडून काहीच करवून घेत नाही. चेहरा तिथे असणे तिला पुरते. दृष्टिहीन व्यक्तीला फोन नेमका समोर धरण्याची अडचण उरते, ती आवाजी सूचनांनी कमी करता येते, संपवता येत नाही. तरीही ज्यांना पापणीच्या अटीने बाहेर ठेवले होते त्यांना आत घेणारे हे साधन आहे, आणि दगडखाणीत किंवा गवंडीकामात बोटांचे ठसे झिजलेल्यांसाठीही तेच खरे आहे.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. कॅमेऱ्यासमोर काही धरायचेच नाही, कॅमेऱ्याच्या मागच्या वाटेने बनावट चित्र आत सोडायचे, असा हल्ला आता सर्रास ओळखीचा झाला आहे. शांघायमध्ये २०२१ मध्ये उघड झालेल्या बनावट करपावत्यांच्या प्रकरणात विकत घेतलेल्या फोटोंचे हलते चेहरे बनवून, फोनचा कॅमेरा बाजूला सारून, ते थेट सरकारी पडताळणीत घुसवले गेले होते. ठाणेकरांना याचे एक जुने उदाहरण आपल्याच गावात सापडेल. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांना ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहाच्या जागी, कैदेत ठेवले होते. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले होते, म्हणजे एतद्देशीयांनी फितुरी करण्याचा प्रश्नच नको. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे चाकरीला राहिलेला मोतद्दार घोड्याची निगा करता करता खिडकीखाली मराठी गाणी म्हणत राहिला आणि त्या गाण्यांतून पळण्याचा बेत कैद्यापर्यंत पोहोचला. शिपायांना मराठी येत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. पहारा ढिला होता असे म्हणता येत नाही. ज्या वाटेवर तो होता ती वाट सोडून निरोप दुसरीकडून गेला, इतकेच.

उजेडाची तपासणी या हल्ल्यापुढे पूर्ण निरुपयोगी ठरत नाही, कारण मागच्या वाटेने सोडलेल्या तयार व्हिडिओलाही आजचा रंगक्रम ठाऊक नसतो. पण स्क्रीन लबाडाच्याच हातात आहे, रंग त्याच्याच फोनवर चमकत आहेत, हे विसरता येत नाही. ते रंग वाचून बनावट चेहऱ्यावर त्याच क्षणी तशीच छटा चढवणारी प्रणाली बनवणे ही फक्त गणनशक्तीची गोष्ट आहे, आणि गणनशक्ती दरवर्षी स्वस्त होत जाते. म्हणून या तंत्राला आयुष्य आहे आणि ते मर्यादित आहे, हे विकणाऱ्यांनी कबूल केले पाहिजे. फोनमध्ये फेरफार झाला आहे का, चित्र खऱ्या कॅमेऱ्यातूनच येत आहे का, याची स्वतंत्र खात्री केल्याशिवाय केवळ उजेडावर भिस्त ठेवणारी बँक ही त्या गोऱ्या शिपायांइतकीच दक्ष म्हणायची.

आणि समजा उजेडाने अचूक उत्तर दिले, तर काय सिद्ध झाले? या कॅमेऱ्यासमोर या क्षणी मांसामज्जेचा एक चेहरा होता, एवढेच. तो माणूस स्वखुशीने तिथे होता का, कशासाठी चेहरा दाखवत आहे हे त्याला ठाऊक होते का, याबद्दल उजेड काहीही सांगत नाही. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत उभा राहिलेला तोतया रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ मध्ये कोकणात बंड माजवतो, हजारो माणसे आणि अनेक किल्ले त्याच्याकडे जातात, आणि अखेर पकडला जाऊन पुण्यात त्याला देहान्त शिक्षा होते. हा माणूस जिवंतच होता. जिवंतपणाची कोणतीही तपासणी त्याने सहज ओलांडली असती. चेहऱ्याचे साम्य लोकांना पटले, आणि ज्यांना तो भाऊ असणे सोयीचे होते त्यांना जरा लवकरच पटले. पुणे दरबाराला चौकशी करावी लागली ती चेहऱ्याच्या पलीकडची. आजची उदाहरणे याहून साधी आहेत. एखादा एजंट 'मावशी, फोटो काढायचाय, इकडे बघा' म्हणून फोन तोंडासमोर धरतो, स्क्रीन चमकते, आणि मावशींच्या नावावर कर्ज निघते. 'डिजिटल अरेस्ट'च्या भीतीने बँकेचे ॲप स्वतःच उघडून आयुष्यभराची पुंजी पाठवणारे निवृत्त गृहस्थ शंभर टक्के खरे आणि जिवंत असतात. उजेड दोघांनाही उत्तीर्ण करतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

इथेच खरा वाद सुरू व्हायला हवा. कारण बँकेच्या हातात उजेडाचा निकाल आला की तिची भाषा बदलणार: चेहरा तुमचा होता, तो जिवंत होता, याचा आमच्याकडे पुरावा आहे, म्हणजे व्यवहार तुम्हीच केलात. ही कल्पनेतली भीती नाही. ब्रिटनमध्ये एटीएमच्या सुरुवातीच्या काळात खात्यातून पैसे गेल्याची तक्रार करणाऱ्या ग्राहकाला हेच ऐकवले जाई, की यंत्रणा चुकत नाही, तेव्हा तुम्हीच पैसे काढले असतील किंवा पिन कोणाला दिला असेल. तक्रार केली म्हणून एका पोलिस शिपायालाच फसवणुकीच्या आरोपाखाली दोषी ठरवले गेले, तो पुढे अपिलात सुटला. अमेरिकेत मात्र अशा वादात पुराव्याचा भार बँकेवर होता. केंब्रिजचे सुरक्षातज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी १९९३ मध्ये या दोन देशांची तुलना करून दाखवले की जिथे बँकेला भरपाई द्यावी लागत होती तिथे बँकांनी सुरक्षेवर डोके चालवून खर्च केला, आणि जिथे ग्राहकाच्या माथी मारता येत होते तिथे बँका गाफील राहिल्या. पुढे ब्रिटनमध्ये चिप आणि पिनची कार्डे आली आणि २००६ पासून पिन सर्वत्र सक्तीचा झाला. पुन्हा तेच, की पिन वापरला गेला म्हणजे दोष ग्राहकाचा. २०१० मध्ये केंब्रिजच्याच संशोधकांनी, त्यांत अँडरसनही होते, चोरलेले कार्ड आणि कोणताही चुकीचा पिन वापरून यंत्राला 'पिन बरोबर आहे' असे मानायला लावता येते हे दाखवून दिले. दरम्यानच्या काळात ज्यांना खोटे ठरवले गेले त्यांचे काय? तंत्र नवे असते तेव्हा ते कुठे चुकते हे शोधायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत पैसे बुडतात ते ज्याच्याकडे स्वतःचा तज्ज्ञ नाही त्याचे.

आपल्याकडे पाया वाईट नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा फसवणुकीत ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले तर त्याच्यावर काहीच बोजा येत नाही, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. सप्टेंबर २०२५ च्या नव्या निर्देशांत, जे एप्रिल २०२६ पासून लागू व्हायचे ठरले, नियम न पाळता झालेल्या व्यवहारातले नुकसान बँकेने पूर्ण भरून द्यावे असे म्हटले आहे. भोक नेमके इथे आहे. बँकेने सगळे नियम पाळले, उजेडाची तपासणी बसवली, ती उत्तीर्णही झाली आणि तरी ती फसली होती, अशा वेळी काय? नियम पाळल्याचा दाखला बँकेकडे असतो, आणि ग्राहकाला आपण त्या क्षणी तिथे नव्हतो हे सिद्ध करायचे असते, तेही अशा यंत्रणेविरुद्ध जिच्या आत त्याला डोकावताही येत नाही. म्हणून एक वाक्य नियमांत स्पष्ट हवे: चेहऱ्याची तपासणी उत्तीर्ण होणे हा संमतीचा पुरावा मानला जाणार नाही, आणि ती फसल्याने झालेले नुकसान ती बसवणाऱ्याचे राहील.

यावर बँकवाले एक मुद्दा मांडतात आणि तो पोकळ नाही. सगळा बोजा आमच्यावर टाकलात तर खोट्या तक्रारी वाढतील, आणि आम्ही साशंक होऊन गरिबांना ही सेवा देणेच थांबवू. खोट्या तक्रारी काही होतीलच. पण खोटी तक्रार शोधण्याची साधने, म्हणजे व्यवहारांचा इतिहास, फोनची ओळख, पैसे पुढे कुठे गेले याचा माग, ही सगळी बँकेच्या हातात आहेत आणि ग्राहकाच्या हातात त्यातले एकही नाही. ज्याच्याकडे साधने आहेत त्याच्यावरच भार ठेवणे यात अन्याय कसला? सेवा थांबवण्याच्या धमकीचे उत्तर अमेरिकेच्या अनुभवात आहे. भार बँकांवर असूनही तिथली एटीएम बंद पडली नाहीत.

आता कातडीच्या रंगाकडे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधिकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या काही व्यावसायिक प्रणाली तपासल्या; गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत जवळजवळ पस्तीस टक्के, असा फरक निघाला. ती प्रणाली वेगळी, काम वेगळे, हे खरे. पण एकूण सरासरी सांगून अशी तफावत किती सहज झाकता येते, हे त्यातून सर्वांना कळले. उजेडाच्या तपासणीबाबत आपल्याला दोन आकडे हवे आहेत: लबाड किती सुटतात आणि खरी माणसे किती नाकारली जातात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ३०१०७ या मानकात दोन्ही मोजण्याची रीत दिलेली आहे. जाहिरातीत पहिला मिरवला जातो आणि दुसऱ्याबद्दल बोलले जात नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि नवी मुंबईची ११ लाख २० हजार होती. समजा खऱ्या माणसांपैकी शंभरात एकच नाकारला जातो. तरी या दोन शहरांतले जवळजवळ तीस हजार लोक दाराबाहेर राहतात. आणि ते विखुरलेले नसतात. दिघ्याच्या किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीत, काळ्या कातडीच्या, जुना फोन आणि चरे पडलेली काच असलेल्या लोकांत ते दाटीने सापडतील. हे आकडे फोनच्या किमतीनुसार आणि कातडीच्या रंगानुसार फोडून जाहीर करायला लावले पाहिजेत. आकडे उघड केले तर चोरांना मदत होईल, अशी ओरड होईलच; पण किल्लीशिवाय बाकी सगळे शत्रूला ठाऊक असले तरी जी टिकते तीच सुरक्षा, हे ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले आहे आणि गुप्तलेखनाचे शास्त्र आजही त्यावर उभे आहे.

राहता राहिला प्रमाणाचा प्रश्न, आणि तिथे माझे मत बऱ्याच तंत्रप्रेमी मित्रांना आवडत नाही. घरबसल्या बँकेत खाते उघडताना ही तपासणी जरूर असावी, कारण तिथे एका बनावट चेहऱ्याने लाखोंची अफरातफर होऊ शकते आणि नाकारल्या गेलेल्या माणसाला शाखेत जाण्याची वाट मोकळी असते. विमानतळावर चेहरा दाखवून प्रवेश देणाऱ्या डिजी यात्रेलाही माझा आक्षेप नाही, ती ऐच्छिक आहे आणि शेजारी कागद पाहणारा जवान उभा असतो, तोवर. पण जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठीसुद्धा चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. त्या पाकिटासाठी कोण डीपफेक बनवणार आहे? तिथे चुकून सुटणाऱ्या लबाडाने होणारे नुकसान एका पाकिटाचे, आणि चुकून नाकारल्या गेलेल्या गरोदर बाईचे नुकसान महिनाभराच्या आहाराचे. उद्या तिथे उजेडाची तपासणी आली तर ती कितीही उत्तम असली तरी अस्थानीच असेल. ज्या अंगणवाडी ताई वस्तीतल्या प्रत्येक बाळाला नावाने ओळखतात, त्यांना फोनचा निकाल बाजूला ठेवून 'या बाईंना मी ओळखते' असे स्वतःच्या जबाबदारीवर नोंदवण्याचा अधिकार ॲपमध्येच हवा. त्याचा गैरवापर होईल या शंकेचे उत्तर खात्याकडे आधीपासून आहे. अशा नोंदींपैकी काही दर महिन्याला पर्यवेक्षिकेने घरोघरी जाऊन पडताळाव्यात, खोट्या निघाल्या तर ताईंना जाब विचारावा, आणि पाकीट मात्र त्याच दिवशी दिलेले असावे.